मशीनमागचा प्लग

वास आधी आईला आला. श्रावणातली दुपार होती, बाहेर झड लागलेली. मी दोरीवरचे अर्धवट वाळलेले कपडे उलटेपालटे करत होते. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "शेजारी सुकट भाजतायत का गं?" श्रावणात कोण सुकट भाजणार? आमच्या मजल्यावरची तिन्ही घरं महिनाभर कांदासुद्धा चिरत नाहीत.

आत गेले तर वास खरंच सुकटीच्या जातीचा होता, पण त्याच्या मागून घशाला लागणारं काहीतरी कडवट येत होतं. गॅस बंद, मिक्सर बंद, फ्रिजच्या बाजूला काही नाही. ओट्याखाली वॉशिंग मशीन चालू होतं. चादरी टाकल्या होत्या, ६० अंशांवर. वाकून मशीनच्या कडेला नाक नेलं, तर वास तिथूनच. बटण बंद करायला हात पुढे गेला आणि तसाच राहिला, कारण त्या मशीनचं भिंतीवरचं बटण मशीनच्या मागे होतं. प्लग मागे, बटणही मागे. मशीन ओढल्याशिवाय तिथे बोटसुद्धा जात नव्हतं. मी धावत दाराजवळ गेले आणि मेन पाडली.

पंखे थांबले, फ्रिज गप्प झाला. ती शांतता मला अजून आठवते. आई ओट्याला धरून उभी होती आणि म्हणाली, "मी एकटी असते तर?"

आई ठाण्याहून आमच्याकडे नेरूळला राहायला आली त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. ती उंबऱ्याजवळच्या त्या पेटीपर्यंत पोचली असती, पण कुठला खटका पाडायचा ते तिला कुणी दाखवलेलं नव्हतं. मी दाखवलेलं नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या मुलाला बोलावून आम्ही दोघांनी मशीन ओढलं. ६०-६५ किलोंचं धूड, खाली रबरी पाय. कुरकुरत, एकेक कोपरा करत बाहेर आलं. मागे जे दिसलं ते जवळून सांगते. प्लग मूळचा पांढरा. त्याची उजवी बाजू भाजलेल्या पापडाच्या कडेसारखी झाली होती, तपकिरी आणि तिथे फुगून आलेला एक फोड. बोर्डाच्या प्लेटवर उजव्या भोकाभोवती काळं कडं. ती फेजची बाजू. प्लगच्या पाठीतून निघणारी वायर अगदी मुळाशीच दुमडली होती, जशी आपण पाण्याची नळी वाकवून पाणी अडवतो तशी. दुमडीच्या बाहेरच्या अंगाला वरचं आवरण ताणून चकचकीत झालेलं, आतल्या अंगाला सुरकुत्या. आणि मशीनच्या मागच्या पत्र्यावर, बरोबर त्या उंचीला, वायर घासून घासून उमटलेला एक काळा अर्धगोल. प्रत्येक धुण्याला मशीन थरथरायचं आणि तो अर्धगोल थोडा गडद व्हायचा. आम्ही ओट्याच्या पुढून कपडे काढत होतो.

संध्याकाळी वायरमन काका आले. नेरूळमध्ये सिडकोच्या घरांची कामं ते तरुणपणापासून करत आलेत, आता साठीला आलेत. त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, प्लग मुळाशी कापला आणि वायरीचं तोंड सोलून माझ्यासमोर धरलं. तपकिरी वायरीतले तांब्याचे बारीक केस. निम्मे तुटलेले, टोकं काळी. उरलेल्या निम्म्यांवरून मशीनची सगळी वीज चालली होती. मग त्यांनी बोर्ड उघडला. पिन ज्या पितळी पट्टीत जाऊन बसते ती पट्टी निळसर काळी पडून फाकली होती.

"ताई, प्लग चांगला होता," ते म्हणाले. "बोर्ड पण चांगला. कंपनीचा. फक्त त्याला बसायला जागा नव्हती."

हे वाक्य माझ्या मनात बसलं. तेव्हापासून मी ज्या घरात जाते तिथे माझी नजर फर्निचरच्या मागे जाते.

आमच्याकडे हे झालं कसं? तीन वर्षांपूर्वी स्वयंपाकघर नवं केलं. ओटा २४ इंच खोल, सगळीकडे असतो तसा. मशीन ५५ सेंटिमीटर, म्हणजे साडेएकवीस इंचांच्या जरा पुढे. कागदावर मागे जवळजवळ अडीच इंच उरत होते आणि सुतारासकट आम्हा सगळ्यांना ते भरपूर वाटले. त्यातच पाण्याची नळी, सांडपाण्याची नळी आणि प्लग. "वायर दिसायला नको ना वहिनी, पॉइंट मागेच देतो," असं त्यावेळच्या माणसानं विचारलं आणि मी हो म्हटलं. वायर दिसायला नको होती, हे खरंच होतं. मग मशीन आत सरकवताना ते दोन बोटं पुढे राहू लागलं. ट्रॉल्यांच्या दर्शनी फळ्यांशी रेषा जुळेना. ज्यानं बसवलं त्यानं गुडघा लावून एक रेटा दिला. खट् आवाज आला. रेषा जुळली. ती जुळलेली रेषा मी पाहुण्यांना दाखवलेली आहे.

काकांच्या त्या वाक्यानंतर मी टेप घेऊन बसले. १६ ॲम्पियरचा मोठा प्लग पूर्ण आत गेल्यावरही प्लेटपासून पावणेदोन इंच बाहेर राहतो. वायर खालच्या बाजूनं निघत असेल तर एवढ्यावर भागतं. आमची वायर थेट पाठीतून निघणारी होती. तिला कुठेही मोडू न देता वळायचं तर आणखी दीड-दोन इंच लागतात. म्हणजे साडेतीन इंच. आम्ही दिले होते अडीच. उरलेला एक इंच वायरीच्या मानेनं भरून काढला.

आता यात आग लागण्यासारखं काय, असं मलाही आधी वाटलं असतं. अनेकांची समजूत अशी की काही बिघडलं तर एमसीबी, म्हणजे पेटीतला आपोआप पडणारा खटका, पडेल. एमसीबी पडला नाही आणि त्याचं चुकलंही नाही. मशीनचा हीटर साधारण २००० वॅटचा. आपल्याकडे २३० व्होल्ट, म्हणजे ८.७ ॲम्पियरच्या आसपास करंट. १६ ॲम्पियरच्या एमसीबीच्या दृष्टीनं सगळं ठीक चाललेलं. आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा खटका, ३० मिलिॲम्पियर गळती शोधत बसतो. इथे गळती नव्हतीच, सगळा करंट जायच्या वाटेनंच जात होता. फक्त ती वाट एका जागी अरुंद झाली होती. पिन आणि पितळी पट्टी यांच्यामधला सांधा ढिला झाला आणि तिथे नुसता एक दशांश ओहम अडथळा आला, तरी ८.७ ॲम्पियरला त्या एका ठिकाणी साडेसात वॅट उष्णता तयार होते. देवघरात लुकलुकणाऱ्या लहानशा बल्बाएवढी. पण बल्बाला मोकळी हवा असते. ही उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या आत, मशीनच्या पत्र्यानं दाबलेली. पितळ तापलं की त्याचा ताण जातो, पट्टी फाकते, सांधा आणखी ढिला होतो, अडथळा वाढतो, ते आणखी तापतं. हे महिनोन्महिने चालतं. कुठला खटका पडत नाही, कुठला दिवा लागत नाही. प्लास्टिक भाजू लागल्यावर मासळीसारखा वास येतो, तेवढीच एक खूण, आणि ती ओळखायला कुणीतरी घरी असावं लागतं.

आमच्या बाबतीत आई होती. कोकणातली बाई, तिला सुकटीचा वास उगीच येत नाही.

त्या रात्री आई चरईतल्या जुन्या घराबद्दल बोलत बसली. ठाण्यात तलावपाळीपासून चालत पाच मिनिटांवर आमची चाळ होती. बाहेरच्या खोलीत दारामागे लाकडी बोर्ड, त्यावर बेकलाइटची काळी बटणं, भिंतीवरून बॅटनच्या पट्टीवर ठोकलेल्या वायरी. सगळं डोळ्यांसमोर. प्लग पॉइंट अख्ख्या घरात एकच, आईच्या खांद्याच्या उंचीला. सकाळी तिथे रेडिओ, दुपारी इस्त्री, नंतर टीव्ही आला तेव्हा टीव्ही. दिवसातून तीनदा प्लग निघायचा आणि तीनदा बसायचा. ढिला झाला की त्याच दिवशी कळायचं, कारण हाताला कळायचं. बाबा म्हणायचे, "प्लगला धर, वायरीला धरू नकोस." अंगठा एका बाजूला, दोन बोटं दुसऱ्या बाजूला, आणि सरळ मागे. हे मला त्यांनी चमचा धरायला शिकवावं तसं शिकवलं.

आणि वळिवाच्या दिवसांत वीज कडाडू लागली की आई हातातलं काम टाकून उठायची, टीव्हीचा प्लग काढायची आणि वायर टीव्हीवर टाकून ठेवायची. तिच्या दृष्टीनं ती दिवेलागणीसारखी गोष्ट होती. नेरूळला आल्यावर पहिल्याच जूनमध्ये खाडीच्या बाजूनं ढग वाजू लागले तेव्हा ती टीव्हीपाशी गेली आणि तिथे तिला भिंतीभर पॅनेल दिसलं. टीव्ही भिंतीला चिकटलेला, प्लग पॅनेलच्या पोटात. ती तशीच परत येऊन बसली. काही म्हणाली नाही. मी ते पाहिलं होतं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आज वाटतं. चाळीस वर्षं जी बाई आपल्या घराची वीज आपल्या हातानं जोडत-तोडत आली, तिच्या हाताला आम्ही एकाही प्लगपर्यंत वाट ठेवली नव्हती.

प्लग हा मुळात हातानं काढ-घाल करण्यासाठीच आहे. नाहीतर वायर भिंतीतच जोडून टाकली असती, प्लगची गरजच नव्हती. आपला तीन गोल पिनांचा प्लग इंग्रजांच्या जुन्या पद्धतीचा. त्यांनी १९४७ मध्ये चपट्या पिनांचा, आत फ्यूज असलेला प्लग आणला आणि पुढे गोल पिना हळूहळू सोडल्या. आपण ठेवल्या, आणि आयएस १२९३ या मानकात आज सहा आणि सोळा ॲम्पियर अशी दोन मापं आहेत. त्या प्लगची वरची पिन नीट बघा. ती अर्थिंगची. बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब. जाड अशासाठी की ती चुकूनही फेजच्या भोकात जाऊ नये. लांब अशासाठी की प्लग घालताना सगळ्यांत आधी अर्थिंग जोडलं जावं आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावं. म्हणजे प्लग अर्धा आत अर्धा बाहेर असतो, बोटं त्याच्यावर असतात, त्या क्षणाचा कुणीतरी विचार करून ठेवलाय. नव्या सॉकेटमध्ये खालच्या दोन भोकांवर आतून झडप असते. ती लांब पिन वरच्या भोकात गेली की झडप सरकते. लहान मुलानं पिन-बिन खुपसली तर तिला वाट मिळत नाही. (दोन पिनांचा चार्जर बसेना म्हणून वरच्या भोकात पेनाचं टोक घालून झडप उघडतात, ते माझ्यासमोर कुणी केलं तर मी अजूनही हात धरते.)

एवढा बारीक विचार पिनेच्या जास्तीच्या लांबीत केलेला. आणि घरं बांधणारे, सजवणारे, आम्ही राहणारे, सगळ्यांनी मिळून त्या प्लगपुढे पलंग लावला.

अरुंद जागेत प्लग बसवताना काय होतं ते मी नंतर घरभर फिरून बघितलं. फ्रिजमागचा प्लग बसला होता, पण फ्रिज भिंतीला इतका जवळ की कंप्रेसरची गरम हवा जायला वाट नव्हती. बेडरूममध्ये पलंगाच्या पाटीमागे पॉइंट. तिथे कुणीतरी सोळाचं सहा करणारा कन्व्हर्टर लावलेला, त्यात चार्जर, म्हणजे जिथे दोन इंच नव्हते तिथे चार इंच कोंबलेले. पाटी टेकली की चार्जर तिरका होऊन पिना अर्ध्या बाहेर. बाथरूममध्ये गिझरचा पॉइंट माळ्याच्या स्लॅबखाली इतका वर की प्लगचं डोकं स्लॅबला लागतं. बाहेरच्या खोलीत एक सॉकेट स्कर्टिंगच्या लगेच वर. त्यात खालून वायर निघणारा प्लग घातला की वायर फरशीवर आपटून आडवी होते. आणि एका ठिकाणी तर सॉकेटच उलटं बसवलेलं, अर्थिंगचं भोक खाली. त्यामुळे खाली जायला हवी ती वायर वर निघून गळ्यात मोडलेली. बसवणाऱ्याला घाई असेल. पण ते उलटं सॉकेट मी अकरा वर्षं बघत होते.

खाली सॉकेट नको म्हणायला ठाण्याच्या माणसाकडे आणखी एक कारण आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्या दिवशी इकडेही तळमजल्यावरच्या किती घरांत पाणी शिरलं ते आम्ही पाहिलंय. चाळीतला आमचा खांद्याच्या उंचीचा बोर्ड कोरडा राहिला होता. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत पितळ हिरवट पडतं ते वेगळंच.

दुरुस्तीत फार मोठं काही नव्हतं. काकांनी मशीनमागचा पॉइंट बंद केला आणि शेजारच्या, मसाल्यांच्या डब्यांच्या कपाटात, कमरेच्या उंचीला नवा दिला. मधल्या फळीला भोक पाडलं, वायर त्यातून घेतली. भोक नुसत्या वायरीएवढं पाडू नका, प्लग आरपार गेला पाहिजे, हे मी सांगायच्या आधी तेच म्हणाले. नाहीतर मशीन दुरुस्तीला काढताना पुन्हा वायर कापावी लागते. बटण ओट्याच्या वर, टाइल्सवर, सगळ्यांना दिसेल असं. जिथे भिंतीतच जागा काढता येते, तिथे पेटी नेहमीपेक्षा खोल खाचून सॉकेट आत बसवायचं, म्हणजे प्लग भिंतीच्या पोटात जातो. टीव्हीमागे तसं केलं. पलंगाचा पॉइंट सरळ बाजूच्या भिंतीवर नेला. फ्रिज तीन इंच पुढे आला, आणि आला तर आला.

स्वयंपाकघरातलं बटण ओट्यावर दिसायला लागल्यावर माझ्या नणंदेनं विचारलं, हे मध्येच काय? मी मसाल्याचं कपाट उघडून तिला प्लग दाखवला. मोहरीच्या आणि हळदीच्या डब्यांच्या मध्ये तो व्यवस्थित बसलेला होता, वायर एक मोठी सैल गिरकी घेऊन फळीत गेलेली. मला तो दिसायला छानच वाटतो.

आईची बोटं संधिवातानं वाकडी झालीत. घट्ट प्लग तिला निघत नाही. काकांनी बाजारातून मागे कडी असलेला प्लग आणला, ज्यात बोट अडकवून ओढता येतं, आणि मशीनला तो लावला. कपडे धुऊन झाले की आई बटण बंद करते, कपाट उघडते, कडीत बोट घालते. "निघाला," म्हणते. दर वेळी म्हणते. मी आता दुसऱ्या खोलीत असले तरी ऐकते.

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीला घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे नव्या टॉवरमध्ये घराचा ताबा मिळाला. अजून पांढऱ्या भिंती आणि सिमेंटचा वास. ती म्हणाली, सुतार येणार आहे, तू ये. मी पिशवीत टेप, एक सोळाचा प्लग, एक सहाचा आणि लॅपटॉपचा ठोकळेवजा ॲडॅप्टर घेऊन ठाणे लोकलमध्ये बसले. बिल्डरनं पॉइंट दिलेलेच होते, सगळे जमिनीपासून वीतभर, सगळे नेमके तिथे जिथे कपाट, पलंग आणि फ्रिज येणार. सुताराच्या फोनमध्ये चित्र होतं. चित्रात एकही वायर नव्हती.

मी त्याला म्हटलं, "दादा, जरा हे धरा." मोठा प्लग त्याच्या हातात दिला आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालायला लावला. मग त्याचीच एक प्लायची फळी उचलून, चित्रात दाखवलेल्या मापावर, प्लगच्या समोर उभी केली. फळी प्लगला टेकली. "आता काढा," म्हटलं.

त्यानं वरून हात घातला, गेला नाही. बाजूनं घातला, मनगट अडकलं. वायरीला धरून ओढायला गेला आणि स्वतःच थांबला. बहीण हसली, पण तो हसला नाही. हात बाहेर काढून त्यानं फळी बाजूला केली, प्लगपासून स्वतःच्या मुठीपर्यंतचं अंतर टेपनं मोजलं, आणि आकडा भिंतीवरच लिहिला.

"घरात कोण कोण राहणार?" त्यानं विचारलं.

"सासूबाई आहेत माझ्या," बहीण म्हणाली. "उंचीला एवढ्या." तिनं छातीपाशी हात धरला.

त्यानं कानावरची पेन्सिल पुन्हा काढली, तिच्या हाताच्या जरा खाली फळीवर खूण केली आणि त्या खुणेभोवती मूठ जाईल एवढा गोल आखायला घेतला.